गच्चीवर भाजी, पण सावलीत

श्रोते हो, नमस्कार.

उन्हाळ्यात मेथी-कोथिंबिरीचे भाव चढतात आणि त्याच दिवसांत संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या गच्च्या नुसत्या तापत पडलेल्या असतात. त्या गच्चीवर भाजी पिकते. पण हरितगृह म्हटलं की अनेकजण प्लास्टिकचा कागद आणायला निघतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कागद आणू नका. आत ऊब धरून ठेवणं हे त्याचं काम, ते थंड मुलखात ठीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, शिवाय स्लॅबची धग खालून लागते. बंद कागदाखाली रोपं उकडून निघतील. आपल्याला हवी ५० टक्के सावलीची जाळी, म्हणजे शेडनेट, आणि खेळता वारा.

जाळीच्याही आधी स्लॅबचा विचार करा. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरून बांधतात. दहा बाय दहा फुटांच्या जागेत ते भरतं सुमारे चौदाशे किलो. तेवढ्याच जागेत फूटभर माती घालून पाणी दिलंत, तर वजन साडेचार टनांपुढे जातं! म्हणून काळी माती वर नेऊच नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा आणि गांडूळखत यांचं मिश्रण घ्या. पालेभाजीला सहा इंच थर पुरतो. जड कुंड्या बीमवर किंवा भिंतीच्या रेषेत मांडा. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, हा प्रयोग नकोच.

आता पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. सावलीमुळे बाष्पीभवन कमी होतं. त्यावर ठिबक लावा, उसाचं पाचट अंथरा आणि पाणी भल्या पहाटे द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, कूलर नव्हे तर एसीतून ठिबकणारं पाणी, सगळं चालतं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर वाफ्यावर पांढरी पापडी धरते. पावसाळ्यात स्वच्छ पावसानं ती धुऊन निघू द्या.

कबुतरं-वानरांसाठी बाजूंनाही जाळी लावलीत, तर मधमाश्याही बाहेर राहतात. मग काकडी-कारल्याचं नर फूल सकाळी तोडून मादी फुलाला हातानं लावायचं. दोडका संध्याकाळी फुलतो, त्याला संध्याकाळी. टोमॅटोची फांदी हलकेच हलवली तरी भागतं. मात्र ऐन उन्हाळ्यात त्याची फुलं गळतातच, तेव्हा टोमॅटो हिवाळ्यासाठी ठेवा. भेंडीला भरपूर ऊन लागतं, ती जाळीबाहेर लावा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात आहेच की!

वळवाच्या वादळात जाळीचं शीड होतं. सांगाडा ठेंगणा ठेवा, कठड्याला आवळून बांधा, स्लॅबला भोकं पाडू नका, गळती लागेल. वादळाची चिन्हं दिसली की जाळी सोडून गुंडाळता यावी, अशीच ती बांधा.

पहिल्यांदाच करणार असाल तर पालक, शेपू, चुका आणि आपली अंबाडी, एवढंच पेरा. पालक महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतो. कापताना मुळं राखलीत तर तो पुन्हा फुटतो.

नमस्कार.