बंद गिरणी चालू करणारा विषाणू

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या ताईचा फोन आला. भाची 11 वर्षांची झालीय आणि डॉक्टरांनी तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, लस सुचवलीय. ताई म्हणाली, "अरे, लस विषाणूची, आणि त्यानं कॅन्सर टळतो म्हणे. याचा मेळ कसा लागतो?" फोनवर मला जेमतेम अर्धंच सांगता आलं. उरलेलं आज सांगतो. ताई, हा व्हिडिओ तुझ्यासाठी आहे, आणि हाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी.

आधी आपली पेशी बघू. या क्षणी आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी नवा डीएनए बनवत नाहीयेत. दुरुस्तीचं किरकोळ काम चालतं, तेवढंच. अख्ख्या डीएनएची प्रत पेशी फक्त विभागायचं ठरलं की काढते. सुमारे 600 कोटी अक्षरजोड्या, आणि वेळ साधारण 8 तास. या टप्प्याला एस फेज म्हणतात. गावातली पिठाची गिरणी आठवा. दळण आलं की चालू, एरवी शटर खाली.

आता विषाणू आत शिरतो. त्याला स्वतःच्या डीएनएच्या हजारो प्रती हव्यात, आणि गिरणी तर बंद. मग तो काय करतो? इथे विषाणूंचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

हर्पिसच्या घराण्यातले विषाणू स्वतःचं जातं बरोबर घेऊन येतात. ओठांवर फोड आणणारा विषाणू याच घराण्यातला, नागीणही यातलीच. डीएनए जोडणारं पॉलिमरेज त्यांचं स्वतःचं, आणि कच्चा माल तयार करणारी काही एन्झाइमंही स्वतःची. ओठांवरच्या फोडांचा विषाणू तर पेशीचं स्वतःचं डीएनए बनवणं थांबवून टाकतो. पण त्याचं हे सामानच आपल्याला कामी आलं. असायक्लोविर हे औषध विषाणूच्या थायमिडीन कायनेज या एन्झाइमनंच जागं होतं. निरोगी पेशीत ते जवळजवळ निजलेलंच राहतं. हे औषध ज्यांच्या कामातून आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं.

पार्व्होव्हायरस अगदीच छोटा. जातं नाही, गिरणी चालू करायची ताकदही नाही. तो वाट बघत बसतो. म्हणून त्याचा मारा सतत विभागणाऱ्या पेशींवर असतो. ज्यांच्या घरी कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो झालाय, त्यांनी हे पाहिलंय. पिल्लाच्या आतड्याचं अस्तर जातं, पांढऱ्या पेशी घसरतात. कारण तिथल्या गिरण्या कधीच थांबत नाहीत.

आणि तिसरे येतात ते शटर उचकटून.

हे आधी कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. बॅक्टेरियावर जगणाऱ्या टी-4 सारख्या विषाणूंमध्ये उलट दिसलं होतं, ते बॅक्टेरियाचा डीएनए मोडून त्याचाच माल वापरतात. मग 1965 मध्ये विषाणूंचे अभ्यासक रेनाटो डल्बेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशी बशीत गच्च वाढवल्या. अशा दाटीत पेशी डीएनए बनवणं जवळजवळ थांबवतात. त्यात त्यांनी पॉलिओमा विषाणू सोडला. विषाणूचा डीएनए वाढणार हे उघडच होतं. पण पेशींनी स्वतःचाही डीएनए नव्यानं बनवायला घेतला! त्या सहकाऱ्यांत लेलँड हार्टवेल नावाचा तरुण होता. पुढे 2001 मध्ये पेशीचक्राच्या, म्हणजे पेशी कशी विभागते याच्या, कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

एचपीव्ही याच जातीचा. त्याचा डीएनए म्हणजे जेमतेम 8 हजार अक्षरजोड्यांचं एक कडं. त्यात पॉलिमरेजचं जनुकच नाही.

[फळ्यावर अस्तराचे थर काढत]

हा गर्भाशयमुखाच्या अस्तराचा सगळ्यात खालचा थर. बारीकशा ओरखड्यातून विषाणू इथवर पोचतो. इथल्या पेशी विभागतात आणि वर वर सरकतात. वर जाताना त्या निवृत्त होतात, चपट्या होतात, शेवटी गळून पडतात. म्हणजे वरच्या थरातली गिरणी कायमची बंद. आणि विषाणूला भरपूर प्रती काढायच्या असतात त्या नेमक्या तिथेच.

पेशीत आरबी नावाचं प्रथिन आहे, ते आपलं शटर. ते ई-2-एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. ई-2-एफ मोकळी सुटली की पॉलिमरेजची, कच्च्या मालाची, सगळी जनुकं चालू होतात. एचपीव्हीचं ई-7 हे प्रथिन आरबीला पकडतं आणि त्याची विल्हेवाट लावतं. झालं, शटर वर. निवृत्त पेशी पुन्हा एस फेजमध्ये.

पेशीकडे राखणदारही असतो, पी-53. अवेळी गिरणी चालू झाली की तो काम थांबवतो, नाहीतर पेशीला स्वतःहून मरायला लावतो. त्याच्यासाठी विषाणूकडे ई-6 आहे. ते पेशीचंच एक प्रथिन हाताशी धरून पी-53 ला कचऱ्यात पाठवतं. इतक्या लहान डीएनएमध्ये हे दोन्ही बंदोबस्त बसवलेले पाहून मी आजही थक्क होतो.

आता ताईच्या प्रश्नाकडे. विषाणूला कॅन्सरमधून काहीच मिळत नाही. त्याला वरच्या थरात प्रती काढून गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडायचं असतं. बहुतेक वेळा दोनेक वर्षांत आपली प्रतिकारशक्ती त्याला हटवतेही. पण कधी कधी संसर्ग टिकतो. विषाणूचं कडं तुटतं आणि आपल्या गुणसूत्रात घुसून बसतं. तुटताना बहुधा ई-2 हे जनुक मोडतं, आणि ई-6, ई-7 ला आवर घालण्याचं काम त्याचंच होतं. मग शटर उघडं, राखणदार गायब, आणि पेशी स्वतःच्याच डीएनएच्या प्रती काढत राहते. चुका साठत जातात. कॅन्सर व्हायला बहुधा 10 ते 20 वर्षं लागतात.

याचा पुरावा माझ्या मनातून जात नाही. हेन्रिएटा लॅक्स 1951 मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांना न विचारता घेतलेल्या त्यांच्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यात एचपीव्ही-18 चा डीएनए आहे. शास्त्रज्ञांनी त्या पेशींत ई-2 परत घातलं, ई-6 आणि ई-7 गप्प झाली, आणि अनेक दशकं न थांबलेल्या पेशींनी डीएनए बनवणं थांबवलं.

ही 10-20 वर्षं म्हणजे आपल्या हातातला वेळ. हे आपल्याच धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, दिसलं. तिथल्या खेड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागानं. ज्या गटाला विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी एकदाच दिली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे निकाल जगासमोर आले. गावोगावच्या त्या बायकांचे आपण सगळे ऋणी आहोत.

आणि लस? पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली सर्व्हाव्हॅक घ्या. तिच्यात 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांची नुसती बाहेरची कवचं आहेत, आत डीएनए नाही. म्हणजे ई-6 नाही, ई-7 नाही. शरीर कवच ओळखायला शिकतं आणि विषाणूला खालच्या थरापर्यंत पोचूच देत नाही. मात्र एकदा आत शिरलेल्या विषाणूला ही लस बाहेर काढू शकत नाही. म्हणून ती 9 ते 14 या वयात घ्यायची, संसर्गाची वेळ येण्याआधी.

तेव्हा ताई, भाचीला घेऊन जा. आणि तुझं वय आता 38 आहे, तुझ्यासाठी तपासणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना तीही विचार.