स्पंद आखूड हवा, तर पुंजक्याचा तुकडाच उजळवा

(नागपुरात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

इंदूरच्या इंडस-2 या प्रवेगक-वलयात 2.5 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतात आणि क्ष-किरण देतात. पण तिथे प्रत्येक इलेक्ट्रॉनचा ताल वेगळा. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये ते एका तालात येतात. स्टॅनफर्डच्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरमध्ये हे 2009 साली 1.5 अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) तरंगलांबीवर साधलं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा 13.6 जीईव्ही, अनड्युलेटरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी चालवणाऱ्या चुंबकांच्या रांगेचं, आवर्तन 3 सेंटिमीटर आणि त्याच्या चुंबकक्षेत्राची ताकद सांगणारा अंक के 3.5. गॅमा, म्हणजे ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेच्या किती पट ते, सुमारे 26,600 येतो. तरंगलांबी देणाऱ्या अनुनादाच्या सूत्रात घाला, उत्तर दीड अँगस्ट्रॉमच निघतं.

आता स्पंदाच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या एका झोताच्या, लांबीकडे येऊ. एका फेम्टोसेकंदात (सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) प्रकाश जेमतेम 0.3 मायक्रॉन जातो. इतकं भराभर उघडमीट करणारं शटर नसतं. जे करायचं ते इलेक्ट्रॉनांवर, म्हणजे एकत्र धावणाऱ्या त्यांच्या पुंजक्यावर.

पहिला उपाय दाबण्याचा. प्रवेगक लहरीच्या शिखरापासून थोडं बाजूला पुंजका ठेवायचा, म्हणजे शेपटीला डोक्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते. पुढे चार चुंबकांच्या वळणात जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी वळतात, जवळच्या वाटेने येतात आणि डोक्याला गाठतात. दाब वाढवत नेला की मात्र वळणात पुंजका स्वतःच्याच प्रारणाने बिघडतो, आणि दोन्ही टोकांना प्रवाहाची शिंगं फुटतात. म्हणून एलसीएलएसमध्ये पुंजक्याचा विद्युतभार नेहमीच्या 250 पिकोकुलॉमऐवजी 20 वर उतरवतात. स्पंद काही फेम्टोसेकंदांवर येतो. फोटॉन अर्थातच कमी.

माझ्या मते शहाणा उपाय दुसरा: पुंजका लांबच राहू द्या, पण त्याचा थोडाच भाग उजळवा. वळणाच्या मध्यावर पुंजका आडवा पसरलेला असतो. तिथे आडवं स्थान म्हणजेच वेळ. बारीक चीर असलेला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आत सरकवायचा. पत्र्यातून गेलेले इलेक्ट्रॉन विखुरतात, त्यांची एमिटन्स, म्हणजे झोताचा पसारा, बिघडते. चिरेतून गेलेलेच लेसर देतात. चीर व्ही आकाराची असेल तर पत्रा वरखाली करून स्पंदाची लांबी बदलता येते.

अॅटोसेकंदांसाठी (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) विगलरने, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी हलवणाऱ्या आणखी एका चुंबक-संचाने, पुंजक्यात अरुंद, तीव्र प्रवाहाचं शिखर घडवतात. शिखराच्या स्वतःच्या विद्युतभारामुळे त्यात ऊर्जेचा उतार तयार होतो. तो सांभाळायला अनड्युलेटरचा के पुढे पुढे बदलत न्यावा लागतो. मग शिखरच अनुनादात राहतं, बाकी पुंजका नाही. एलसीएलएसवर 500 अॅटोसेकंदांहून आखूड मृदू (लांब तरंगलांबीच्या) क्ष-किरणांचे स्पंद मिळाल्याचे निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे घसरण विसरू नका. प्रत्येक आवर्तनात प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या एक तरंगलांबी पुढे सरकतो. सुमारे 3,700 आवर्तनं गुणिले 1.5 अँगस्ट्रॉम म्हणजे जवळजवळ 1.9 फेम्टोसेकंद. मृदू क्ष-किरणांना तरंगलांबी दहापट, तर घसरणही दहापट. घसरणीने स्पंद लांबतो, म्हणून लेसरची वृद्धी थोड्या अंतरातच उरकावी लागते.

तापमानही सांभाळायचं. निओडिमियम चुंबक अंशागणिक सुमारे 0.1 टक्का क्षीण होतात आणि के ढळतो. मे महिन्यातल्या नागपुरात असा बोगदा वातानुकूलनाशिवाय दुपारपर्यंतही टिकायचा नाही.

मोजमापासाठी अनड्युलेटरनंतर पुंजक्याला आडवा ढकलणारा आरएफ (रेडिओ लहरींचा) कक्ष लावतात. आधी लेसिंग (लेसर निघणं) मुद्दाम बंद करून पुंजक्याचं चित्र घ्यायचं, मग चालू असताना. ज्या भागाची ऊर्जा घटली, तिथून क्ष-किरण निघाले. अॅटोसेकंदांपाशी ही रीत अपुरी पडते. तिथे वर्तुळाकार ध्रुवित अवरक्त लेसर वापरतात: क्ष-किरणाने वायूतून सुटलेला इलेक्ट्रॉन ज्या कोनात ढकलला जातो, त्यावरून त्याच्या सुटण्याची वेळ काढतात.