तीन टक्के, पण कशावर?

नमस्कार श्रोतेहो. रेल्वेच्या मोबाइल तिकिटावरच्या तीन टक्के सवलतीबद्दल आज बोलू या. टक्के तेच राहिले, ते पदरात पडायची रीत मात्र बदलली, आणि घोळ तिथेच होतो.

आर-वॉलेट म्हणजे जनरलच्या, अनारक्षित तिकिटांसाठी आधी भरून ठेवलेले पैसे. पूर्वी त्यात हजार भरले की खात्यात एक हजार तीस दिसायचे. आता हजार भरले तर हजारच दिसतात. बोनस मिळतो तो तिकीट काढल्यावर, त्या तिकिटाच्या रकमेवर: शंभराला तीन रुपये. रिचार्जच्या मेसेजमध्ये बोनस शोधलात तर तो सापडणारच नाही.

दुसरा बदल जास्त कामाचा. १४ जानेवारी ते १४ जुलै २०२६ या सहा महिन्यांसाठी रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर यूपीआय किंवा कार्डाने जनरलचं तिकीट काढलं, तरी तीन टक्के सूट आहे. म्हणजे या मुदतीत सवलतीसाठी पैसे वॉलेटमध्ये अडकवून ठेवायची गरज नाही. कोकणकन्येच्या स्लीपरच्या तिकिटावर मात्र ही सूट शोधू नका, ती अनारक्षितालाच आहे. आणि आयआरसीटीसीचं ई-वॉलेट हे वेगळं खातं, त्यातली शिल्लक आर-वॉलेटमध्ये दिसत नाही.

तरीही वॉलेटमध्ये शे-दोनशे रुपये असू द्यावेत. गाडीला पाच मिनिटं उरलीत, रेंजची एकच काडी आहे, अशा वेळी यूपीआय मध्येच लटकतं. पैसे बँकेतून जातात आणि तिकीट येत नाही. वॉलेटच्या व्यवहारात बँकेची फेरी नसते.

तिकीट घरूनच काढलेलं बरं. अ‍ॅपला तुमचं लोकेशन लागतं, आणि फलाटावर किंवा रुळांजवळ उभं राहून बिनकागदी तिकीट निघत नाही. स्टेशनात पोचलाच असाल तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा. पूर्वी बाहेरच्या बाजूलाही अंतराची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये उठली. त्यामुळे राजापूर रोड स्टेशनापासूनचं तिकीट राजापूर शहरात बसून निघतं. पण फार आधीही काढू नका. जवळच्या प्रवासाच्या तिकिटाला तीन तासांची मुदत असते आणि बिनकागदी तिकीट रद्द होत नाही. आपला कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी, क्रॉसिंगला गाडी रखडायचीच. म्हणून आधी गाडी कुठवर आली ते बघावं, मग तिकीट.

आता, तीन टक्क्यांनी हुरळून जाण्यासारखं काही नाही. कोकण रेल्वेवर प्रवासी भाडं ४० टक्के वाढीव अंतरावर आकारतात. १०० किलोमीटर गेलात तर हिशेब १४०चा. चाळीस टक्के तिकडे, तीन इकडे!

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत रेंज नाही आणि नेमका तेव्हाच तिकीट तपासनीस समोर येतो. घाबरू नका: ज्या मोबाइलवर तिकीट काढलं, त्यातच ‘शो तिकीट’ दाबा, नेटशिवाय उघडतं. स्क्रीनशॉट चालत नाही. घरच्या कुणी त्यांच्या फोनवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं तर मुळीच नाही.