वाफेच्या वाटेनं : गणेशपुरी ते राजापूर

[दृश्य : जानेवारीची पहाट. तानसा नदीचा काठ. कुंडाच्या पायऱ्यांवर टॉवेल, पितळी तांब्या, रंगीत प्लॅस्टिकचे मग.]

गणेशपुरीत पहाटे कुंडाची पायरी उतरताना तळपायाला दगड गार लागतो आणि पुढच्याच पायरीवर पाणी असा चटका देतं की नवखा माणूस पाय वर घेतो. नेहमीची मंडळी घेत नाहीत. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर, मध्ये थोडं थांबायचं, आणि मग एकदम खांद्यापर्यंत. तोंडानं नामस्मरण चालू असतं, पण त्यात अधूनमधून एक लांब ‘आऽऽ’ मिसळलेला असतो. तो देवासाठी नसतो, गुडघ्यांसाठी असतो.

इथून पुढे दक्षिणेकडे, राजापूरपर्यंत, आपण गरम पाण्याच्या मागावर जाणार आहोत. आधीच सांगून ठेवतो : कुंडात लोक आंघोळ करत असताना आम्ही कॅमेरा बंद ठेवला. त्यामुळे या फिल्ममध्ये तुम्हाला वाफ जास्त दिसेल आणि माणसं कमी.

[दृश्य : उजाडतंय. भीमेश्वर मंदिर. नदीपात्रातले काळे खडक.]

गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी ही तिन्ही नावं मुंबई-ठाण्याच्या लोकांना एका दमात घ्यायची सवय आहे. तानसा नदीच्या काठाकाठानं हे झरे आहेत, काही तर थेट पात्रालगत. पावसाळ्यात नदी चढली की त्यांतल्या काहींवरून गढूळ पाणी वाहतं. म्हणून यायचं ते दिवाळीनंतर. पाणी बारा महिने जवळपास तेवढंच गरम असतं. बदलते ती हवा. मे महिन्यात ज्या कुंडात पाय घालवत नाही, त्याच कुंडातून डिसेंबरात निघावंसं वाटत नाही.

वज्रेश्वरीची कथा अशी की देवीनं इथे दैत्य मारले आणि त्यांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी. डोंगरावरचं आजचं देऊळ मात्र इतिहासात नीट सापडतं. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला, आणि देऊळ उभं राहिलं. त्याचा नगारखाना बघितला की मंदिराआधी किल्लाच आठवतो. गणेशपुरीला नित्यानंदांचे भक्त देशोदेशीहून येतात. १९६१ साली त्यांनी इथेच देह ठेवला. पण कुंडावर भक्त कोण आणि सांधेदुखीवाला कोण, हे ओळखू येत नाही. सगळे सारखेच लालबुंद होऊन बाहेर येतात.

[दृश्य : नकाशा. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी. एकेक ठिपका उमटत जातो.]

आता नकाशा पाहा. उत्तरेला पालघर जिल्ह्यातली कोकणेर आणि सातिवली. मग तानसाकाठ. खाली रायगडात पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव. पुढे रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, खेड, आरवली, तुरळ, राजवाडी. आणि शेवटी राजापूर. सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी मिळून साठेक झरे आहेत. एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये ही माळ.

कोणीही पहिला प्रश्न विचारतो तो ज्वालामुखीचा. कोकण काळ्या लाव्हाच्या खडकाचं, मग खाली अजून काहीतरी धगधगत असणार, असा तर्क. पण हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला; त्याच्या उष्णतेवर आज घोटभर चहासुद्धा होणार नाही. ऊब येते ती खोलीतून. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसा खडक तापलेला असतो, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं थोडं पाणी खडकातल्या भेगांमधून खाली, खूप खाली उतरतं, तिथे तापतं, आणि दुसरी एखादी मोकळी भेग सापडली की वर येतं. किनाऱ्याला समांतर अशा भेगांचं जाळं या पट्ट्यात आहे, म्हणून झरेही ओळीत.

हिशेब करून बघा. पावसाचं पाणी जमिनीत शिरताना २७ अंशांचं आणि उन्हवऱ्याला वर येतं ते ७० अंशांचं. म्हणजे निदान दीड किलोमीटर खोल तरी ते जाऊन आलेलं असणार. वर येताना वाटेत ऊब सांडते ती धरली तर आणखी खोल. जुन्या घरांत परसात तांब्याचा बंब असायचा; वरून गार पाणी ओता, खालून जाळ, आणि तोटीतून कढत पाणी. कोकणाच्या पोटात तोच प्रकार आहे, फक्त ओतलेलं पाणी तोटीला यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. पाण्यातल्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंचा, अभ्यास झालेला आहे आणि हे पाणी मुळात पावसाचंच आहे, हे त्यातून दिसतं. काही झरे चवीला मचूळ लागतात. त्यांत समुद्राच्या पाण्याचाही अंश असावा, असं काही संशोधक मानतात.

कुंडाच्या तळातून बुडबुडे येतात, ते पाणी उकळतंय म्हणून नव्हे. तो बहुतांशी नायट्रोजन असतो.

[दृश्य : पाली. मागे सरसगड. शेतात वालाचे वेल.]

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन बहुतेक गाड्या परत फिरतात. तीनेक किलोमीटरवर उन्हेरे आहे, विठ्ठलाचं देऊळ आणि शेजारी कुंडं. इथे थांबायचं कारण पाणी तर आहेच, पण थंडीत या भागात आलात आणि पोपटी न खाता गेलात तर फेरी अर्धी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात दडपायचं आणि मडक्याभोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पोटभर पोपटी खाऊन लगेच गरम कुंडात उतरू नये, एवढं मात्र ऐका. आधी आंघोळ, मग पोपटी.

महाडजवळ सावित्रीकाठी सव. झरा छोटा आहे. जाता जाता पाहावा.

[दृश्य : कशेडीचा बोगदा, मग दापोलीकडे वळणारा रस्ता. आंब्याला मोहोर. सकाळी सातचं धुकं.]

आणि आता उन्हवरे.

दापोली तालुक्यातलं हे गाव महामार्गापासून आत आहे. त्याच्या वाट्याला वर्दळ कमी आली, हे त्याचं नशीबच म्हणायचं. वळणावळणानं उतरत जाता, काजूच्या बागा, भाजावळ केलेले काळे वाफे, आणि मग आधी वास येतो. सडलेल्या अंड्याचा. गंधकाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड. नाकाला तो इतक्या थोड्या प्रमाणातही कळतो की घाबरून जायचं कारण नाही. पाच मिनिटांत सवय होते. थंडीच्या सकाळी उगमाच्या जागी वाफेचा जाड पडदा असतो. आमच्या कॅमेऱ्याची काच पुसता पुसता हात दुखले.

महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गरम झऱ्यांपैकी हा एक. उगमाच्या पाण्यात बोट घालून बघायचा मोह होतो. तो आवरा. ७० अंशांचं पाणी क्षणभरात कातडी भाजतं. शेजारी मुलं असतील तर त्यांचा हात धरून ठेवा. उगमावरचं पाणी वाहून पुढे आंघोळीच्या जागी येतं, तोवर निवतं. पुरुषांची आणि बायकांची सोय वेगळी आहे. हिमाचलात मणिकर्णला गुरुद्वारातल्या लंगरचं अन्न झऱ्याच्या उकळत्या पाण्यात शिजवतात. तितकी धग कोकणात कुठेच नाही. इथली धग अंगाला पुरेल एवढी.

उन्हवऱ्याला बसलं की लक्षात येतं, हे पर्यटनस्थळ नंतर झालं. आधी ही गावाची न्हाणी आहे. शेतावरून आलेला माणूस, ओझं वाहून पाठ धरलेली बाई, बाळंतपणानंतर अंग शेकायला आलेली लेक. आपण शहरातून आलेले लोक त्यांच्या न्हाणीघरात पाहुणे. म्हणून माझा एक हट्ट आहे, तो इथेच सांगतो. साबण आणि शांपू गाडीतच ठेवा. कुंडातलं पाणी पुढे ओढ्यात, शेतात जातं. आधी बाहेर तांब्यानं अंग धुऊन घ्या, मग उतरा. ध्वनिक्षेपक छोटा असला तरी तो ध्वनिक्षेपकच असतो. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी उतरू द्या. त्याचे गुडघे तुमच्या रीलपेक्षा जुने आहेत.

त्वचेचे रोग या पाण्यानं बरे होतात, असं सगळीकडे सांगतात. गंधकाचा उपयोग त्वचेच्या औषधांत होतो हे खरं, आणि गरम पाण्यात आखडलेले स्नायू सैल होतात हेही खरं. पण खरूज असो की इसब, ते दाखवायचं त्वचेच्या डॉक्टरला. आणि संसर्ग असेल तर सामायिक कुंडात उतरूच नये, हे सांगायला तर डॉक्टरही लागत नाही.

[दृश्य : कुंडाच्या काठावर ठेवलेला पाण्याचा तांब्या. हातावरचं घड्याळ.]

चाळीस अंशांच्या वरच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. रक्तवाहिन्या फैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि माणूस झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. दारू पिऊन तर मुळीच नाही. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. नेग्लेरिया नावाचा एक अमीबा कोमट आणि गरम गोड्या पाण्यात जगू शकतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. आजार फारच क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जिवावर बेततो. काशीला मारतात तशी बुडी इथे मारायची गरज नाही. खांद्यापर्यंत बसा, पुरे.

[दृश्य : मुंबई-गोवा महामार्ग. धूळ, ट्रक, वळण. कॅमेरा हळूच रस्त्याच्या कडेला सरकतो.]

खेडमध्ये गरम पाण्याचं कुंड शहराच्या वस्तीतच आहे. चिपळूण मागे टाकून संगमेश्वराकडे निघालं की एकापाठोपाठ एक आरवली, तुरळ, राजवाडी लागतात. गणपतीला आणि शिमग्याला लाखो चाकरमानी या रस्त्यानं जातात. त्यांतल्या किती जणांनी तुरळला गाडी थांबवली असेल? रस्त्याच्या रुंदीकरणावर चिडता चिडता, शेजारून ६० अंशांच्या आसपासचं पाणी वाहतंय हे नजरेतून निसटतं. आरवलीचं पाणी त्या मानानं मवाळ, थेट अंगावर घेता येईल असं. राजवाडी आडवाटेला आहे. तिथे सोमेश्वराचं जुनं देऊळ, लाकडावरचं कोरीवकाम आणि कुंड असं एकत्र मिळतं. मला विचाराल तर या तिघांत राजवाडी. देवळाच्या सावलीतून कुंडाकडे आणि कुंडातून पुन्हा देवळाच्या फरशीवर, असा अर्धा दिवस कसा जातो ते कळत नाही.

या उष्णतेवर वीज का करत नाहीत, हाही प्रश्न हमखास येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं देशभरात सुमारे ३४० गरम झरे नोंदवले आहेत. कोकणातही त्यांनी अभ्यास केला, विंधनविवरं घेतली. पण विजेसाठी भूगर्भात कडक उष्णता हाताशी असावी लागते, आणि त्या बाबतीत लडाखमधलं पुगा खोरं कोकणाच्या पुष्कळ पुढे आहे. कोकणात आजवर तसा प्रकल्प उभा राहिलेला नाही. आंबा-काजू वाळवायला, मासळी सुकवायला ही ऊब वापरता येईल, असं मात्र वाटत राहतं. ज्या कोकणात आमसुलं आणि फणसपोळी पावसाच्या आत वाळवायची दरवर्षी घाई असते, तिथे फुकटची धग ओढ्यात वाहून जाते.

[दृश्य : राजापूर. अर्जुना नदी. दुपारचं ऊन, माडांच्या सावल्या.]

पट्ट्याचं दक्षिणेचं टोक म्हणजे राजापूरजवळचं उन्हाळे. इथलं पाणी चाळिशीच्या थोडं पुढे, म्हणजे थेट अंगावर घेण्याजोगं. उत्तरेतल्या झऱ्यांची चटका देण्याची खोड याला नाही. गावातली माणसं दिवसाचं काम आटोपून येतात, गप्पा मारत न्हातात आणि घरी जातात.

राजापूरची खरी प्रसिद्धी मात्र दुसऱ्या पाण्यामुळे आहे. जवळच्या टेकडीवर गंगातीर्थ आहे, चौदा कुंडं. एरवी कोरडी. साधारण तीनेक वर्षांनी एकदा त्यांत आपोआप पाणी भरतं, काही आठवडे राहतं, आणि जसं आलं तसं निघून जातं. अलीकडे ते वेळापत्रकही बिघडलंय. ही ‘गंगा’ कधी लवकर येते, कधी लांबते. जमिनीखालच्या पोकळ्या भरल्या की वक्रनलिकेसारखं, म्हणजे सायफनसारखं, पाणी ओढून बाहेर टाकलं जात असावं, असा एक तर्क आहे. गंगा आली की पंचक्रोशीत बातमी पसरते आणि लोक रीत पाळतात : आधी उन्हाळे गावच्या गरम पाण्यात आंघोळ, मग वर चढून गंगेच्या गार कुंडांत.

तेव्हा राजापूरला निघण्याआधी ओळखीच्या कोणाला तरी फोन करून गंगा आली आहे का, ते विचारून घ्या. आली असेल तर कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा आणि पहाटेच पोचा, कारण मग गर्दी असते. आली नसेल तरी टेकडी चढा. कोरड्या कुंडांचं दगडी बांधकाम भरल्या पाण्यात कधीच नीट दिसत नाही.