पावसाळ्यात प्रिंटर का रुसतो? मशीनच्या आधी कागद तपासा

नमस्कार मंडळी! आज प्रिंटरबद्दल बोलू या. ठाण्यात आणि नवी मुंबईत पाऊस सुरू झाला की त्याच त्या तक्रारी येतात. कागद अडकतोय, एकदम दोन-दोन ओढले जातायत, अक्षरं मध्येच फिकट येतायत. मग प्रिंटरवर थापा मारणं सुरू होतं. माझं एकच सांगणं आहे, आधी ट्रेमधला कागद हातात घ्या.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा. कडा वर-खाली झाल्यात आणि वाजवला तर करकरीत आवाजही येत नाही. उघड्यावर राहिलेला पापड सादळतो, तसा हा सादळलाय. आपण राहतो खाडीच्या काठाला. इकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि कागद ती शोषत राहतो.

आता लेझर प्रिंटरच्या आत काय होतं ते बघा. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. विजेच्या भाराने ती कागदाकडे ओढली जाते. ओलसर कागदावर तो भार नीट टिकत नाही, म्हणून छपाईत फिकट डाग पडतात. पुढे कागद फ्यूजरमधून, म्हणजे टोनर वितळवून कागदावर पक्का बसवणाऱ्या गरम रोलरांमधून जातो आणि तिथे तापमान साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. कागदातल्या पाण्याची वाफ होते, कागद वळतो आणि बाहेर पडतानाच अडकतो. यात प्रिंटरचा काय दोष?

वागळे इस्टेट, महापे, अशा भागांतल्या ऑफिसांत हे सोमवारी सकाळी फार दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद होतो आणि ट्रेमधला कागद दोन दिवस दमट हवेत पडून राहतो. उपाय सोपा आहे. शुक्रवारी निघताना ट्रेमधला कागद काढा, परत रिमच्या वेष्टणात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. ते वेष्टण फाडून फेकू नका, ओल आत जाऊ नये म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. रिम जमिनीवर किंवा खिडकीखाली ठेवू नका. ट्रेमध्ये भरण्याआधी गठ्ठ्याच्या कडा फडफडवून कागद सुटे करा. आणि कागद शक्यतो 75 किंवा 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. स्वस्त, पातळ कागदात वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात, हे मी पुन्हा पुन्हा बघतो.

पाठकोरे कागद वापरता? कागद वाचवण्याची भावना मला मनापासून पटते. पण एकदा लेझरमधून गेलेला कागद आधीच वळलेला असतो, आणि त्यात एखादी स्टेपलरची पिन राहिली तर ड्रमवर, म्हणजे ज्या नळकांड्यावरून टोनर कागदावर उतरतो त्यावर, ओरखडा पडतो. मग प्रत्येक पानावर त्याच जागी रेघ. पाठकोऱ्यांच्या वह्या शिवा, कच्चं लिखाण करा, लेझरमध्ये घालू नका. अर्धी स्टिकर्स काढलेली लेबलशीटही नको. फ्यूजरच्या उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि आत चिकटतो.

आता घरचा इंकजेट. मे महिन्यात आपण सगळे गावी जातो. जूनमध्ये शाळा उघडते, मुलांचं प्रोजेक्ट येतं, प्रिंट काढायला जावं तर पानावर पांढऱ्या रेघा! कारण हेडची, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागाची, छिद्रं केसाहून बारीक असतात आणि वापर नसला की त्यांत शाई सुकते. म्हणून घरी असताना आठवड्यातून एक रंगीत पान काढाच, अगदी छोटं चित्र असलं तरी चालेल. दुसरं, आणि हे फार जणांना माहीत नसतं: प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, प्रिंटरच्याच बटणाने करा. त्या बटणाने बंद केलं की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. भिंतीवरून बंद केलं तर ते मध्येच उघडं राहू शकतं. छपाई चालू असताना वीज गेली, तर आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून बटणाने नीट बंद करा.

रेघा आल्याच तर प्रिंटरच्या सेटिंगमधलं हेड क्लीनिंग दोन-तीनदा करा, मग काही तास थांबा. लागोपाठ करत बसू नका. दर वेळी बरीच शाई जाते, ती आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये साठते आणि पॅड भरलं की काही प्रिंटर छपाईच थांबवतात.

लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर तापताना एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. टोनर सांडला तर कोरड्या कापडाने टिपा, हातावर आला तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो चिकटतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, इतकी बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून परत हवेत येते.

वायफायवर प्रिंटर सारखा ऑफलाइन दिसतो? घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, ते नेटवर्क निवडलंय ना बघा. आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही.

एवढं करूनही कागद अडकला, तर ओढाताण नको. प्रिंटर बंद करा, लेझर असेल तर फ्यूजर थंड होऊ द्या. मागचं आणि पुढचं झाकण उघडा. कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे टेबलावर जोडून पान पूर्ण होतंय का ते बघा. एखादा कोपरा कमी असेल आणि टॉर्च मारूनही सापडत नसेल, तर प्रिंटर सुरू करू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि जोडलेलं ते पान त्याला दाखवा. कोणत्या बाजूचा तुकडा आत आहे हे कळलं की त्याचं काम लवकर होतं.