400 किलोमीटर वर, एक फेरी केवढी?

नमस्कार मंडळी, आज आकाशातलं गणित करायचंय, पण वही नको, घरातला एखादा गोल डबा आणि हातभर दोरा असला की झालं.

संध्याकाळी गच्चीवरून एखादा ठळक ठिपका न लुकलुकता गुपचूप सरकत जाताना कधी दिसलाय का, तर बऱ्याचदा ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असतं, जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर वर. मग त्याची एक फेरी केवढी? शाळेतलं सूत्र सगळ्यांना पाठ, परीघ म्हणजे दोन पाय आर, आणि पोरं पटकन आरच्या जागी 400 टाकून मोकळी होतात, उत्तर येतं 2,513 किलोमीटर. अहो, आपला देशच उत्तर-दक्षिण 3,200 किलोमीटर आहे, एवढ्यात पृथ्वीला फेरी कशी होईल!

घोळ होतो केंद्रापाशी. स्थानक फिरतं ते पृथ्वीच्या केंद्राभोवती, म्हणून आधी पृथ्वीची त्रिज्या 6,371 मिळवायची, झाले 6,771, त्याची दुप्पट करून 3.1416 नं गुणा, 42,543 किलोमीटर. हा 3.1416 आपल्या आर्यभटानं 499 च्या सुमारास दिलाय, 20,000 व्यासाला 62,832 परीघ, आणि वर 'आसन्न' म्हणजे जवळपासचा असंही स्वच्छ सांगून ठेवलंय, मला ते फार आवडतं.

पण ते 2,513 खोडू नका हं! जमिनीवरचा परीघ 40,030, तो 42,543 मधून वजा करा, बघा काय उरतं... तेच 2,513. पोरांनी काढलं होतं ते फेरीत वाढलेलं अंतर. आता डबा घ्या, दोरा घट्ट गुंडाळा, मग तो सगळीकडून 1 सेंटीमीटर लांब राहील एवढा सैल करा, दोरा जास्त लागेल 6.28 सेंटीमीटर, आणि डब्याऐवजी पाण्याचं पिंप घेतलं तरी तेवढाच, अख्ख्या पृथ्वीला गुंडाळला तरी तेवढाच, खरंच करून बघा.

ही फेरी साधारण 92-93 मिनिटांत होते, म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर.

आणि घरच्या डिशला सिग्नल देणारा भूस्थिर उपग्रह? तो 35,786 किलोमीटरवर, विषुववृत्ताची त्रिज्या 6,378 मिळवली की 42,164, फेरी जवळजवळ 2,65,000 किलोमीटरची, तीही 23 तास 56 मिनिटांत, पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो तेवढाच वेळ, म्हणून तर डिश एकदा बसवली की रोज फिरवत बसावी लागत नाही.