टॉम फिनी : सरावानंतर पान्हा हातात घेणारा विंगर

(पडद्यावर : कृष्णधवल छायाचित्र, पाण्याने भरलेलं मैदान)

२५ ऑगस्ट १९५६. लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज. फुटबॉलचा सामना, चेल्सीविरुद्ध प्रेस्टन नॉर्थ एंड. पावसाने मैदानात तळं साचलंय, आणि दोन बचावपटूंच्या मधून पाणी उडवत निघालेला हा गडी म्हणजे टॉम फिनी. वय ३४. हे छायाचित्र जगभर गाजलं. त्याच्यावरून घडवलेला पुतळा २००४ पासून प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर, कारंज्यात उभा आहे.

फिनीचा जन्म १९२२ चा, इंग्लंडच्या वायव्येकडच्या त्याच प्रेस्टन शहरातला. क्लबने पोरसवदा वयातच त्याला हेरलं होतं. पण वडिलांनी अट घातली, आधी प्लंबिंगची उमेदवारी पूर्ण कर. त्या काळी घराघरांत शिशाचे पाइप असत. त्यांचा सांधा जोडायचा म्हणजे तापलेला डाख जाड कापडाने पाइपभोवती फिरवत गुळगुळीत बसवायचा. हात जरा रेंगाळला की डाख थिजायचा, सांधा गळायचा. हे कसब फिनीने नीट शिकून घेतलं. फुटबॉलवर आयुष्य निघेल याची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. मग युद्ध आलं. तो ब्रिटनच्या आठव्या लष्करात भरती झाला, इजिप्त आणि इटलीत रणगाड्यांवर होता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधला पहिला सामना खेळायला १९४६ चा ऑगस्ट उजाडला. वय २४.

आता त्याचा खेळ. फिनी मुळात डावऱ्या पायाचा. उजवा पाय त्याने सरावाने घडवला आणि खेळला बहुतेक उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने. त्याला अडवणाऱ्या फुल-बॅकची, म्हणजे कडेच्या बचावपटूची, पंचाईत इथेच होती. विंगर एकाच पायाचा असेल तर बचावपटू त्याला कमकुवत बाजूला ढकलतो. फिनीला बाहेर ढकललं की तो टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) लागून उजव्या पायाने क्रॉस टाकायचा, म्हणजे चेंडू गोलसमोर उचलून द्यायचा. बाहेरची वाट अडवली की आत वळून डाव्याने गोलवर मारायचा. प्रेस्टनमध्ये सुरुवातीला त्याच्या पाठीमागे राइट-हाफला (मधल्या फळीत उजवीकडे) होता बिल शँकली, पुढे लिव्हरपूलचा व्यवस्थापक म्हणून नाव कमावलेला.

(पडद्यावर : नाडी बांधलेला तपकिरी चेंडू)

हा त्या काळचा चेंडू. चामड्याच्या पट्ट्या, आत रबरी ब्लॅडर, वर नाडी. नियमाने वजन १४ ते १६ औंस, पण सामना सुरू होतानाचं. चामडं पाणी प्यायचं, आणि चिखलात उत्तरार्धापर्यंत चेंडू जड व्हायचा. तो उचलून गोलसमोर टाकायला पायात ताकद लागे. बुटांच्या तळाचे चामडी स्टड (पकडीसाठीचे खुंट) खिळ्यांनी ठोकलेले. स्टड झिजले की खिळे तळव्याला टोचायचे. बदली खेळाडू लीगमध्ये आला १९६५ साली. त्याआधी कुणी जखमी झाला की त्याला विंगवर लंगडत उभं करायचे. विंगवर ठेवलेला माणूस निदान एका बचावपटूला गुंतवून ठेवतो, हा हिशेब.

पैशांचं गणित मात्र क्लबच्या बाजूने पक्कं बांधलेलं होतं. आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती १४ पौंड होती, उन्हाळ्यात त्याहून कमी. वर जिंकल्यास दोन पौंड, बरोबरी झाल्यास एक. हंगाम संपला की क्लब यादी लावायचा : हे ठेवले, हे सोडले. ज्याला 'ठेवलं' त्याचा करार संपलेला असला तरी नोंदणी क्लबच्याच ताब्यात, त्यामुळे दुसरीकडे खेळायची सोय नाही. फिनीने भावाबरोबर प्लंबिंगचा धंदा थाटला तो याच कारणाने. 'प्रेस्टनचा प्लंबर' हे टोपणनाव आज गोड वाटतं. इंग्लंडसाठी खेळणाऱ्या माणसाला जोडधंदा करावा लागतो, यात गोड काही नव्हतं.

१९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबने त्याला मागणी घातली. सही करताच १०,००० पौंड, महिन्याला १३०, शिवाय बंगला आणि मोटार. चौदा पौंड वर्षाचे बावन्नही आठवडे मिळाले असं धरलं, तरी ते १०,००० जवळपास पावणेचौदा वर्षांची कमाई होते. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. विषय संपला.

पुढच्याच हंगामात लीगच्या सर्वोच्च, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये प्रेस्टन आणि आर्सेनल दोघांचे ५४ गुण झाले. निकाल गोल-सरासरीवर : केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. आर्सेनल ९७ भागिले ६४, म्हणजे १.५२. प्रेस्टन ८५ भागिले ६०, म्हणजे १.४२. (आजचा गोल-फरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले, लावला तरी आर्सेनलच पुढे, तेव्हा सूत्राला दोष देण्यात अर्थ नाही.) एफए कप या इंग्लंडच्या बाद-फेरी स्पर्धेची १९५४ ची फायनल वेस्ट ब्रॉमविचकडून ३-२ ने गेली. पहिल्या डिव्हिजनचं विजेतेपद आणि एफए कप, दोन्ही फिनीला कधीच मिळाले नाहीत. मानाचा 'फुटबॉलर ऑफ द इयर' किताब मात्र १९५४ आणि १९५७, असा दोनदा.

तिशी उलटल्यावर त्याला सेंटर-फॉरवर्ड (मधला आघाडीवीर) केलं, तिथेही तो गोल करत राहिला. लीगमध्ये ४३३ सामने, १८७ गोल. इंग्लंडसाठी ७६ सामने, ३० गोल. जांघेच्या दुखापतीने अखेर १९६० मध्ये थांबवलं. जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडू संघटनेने संपाची धमकी दिल्यावर, पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. त्याच वर्षी प्रेस्टन खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं.

फिनी आणखी एकदा मोठ्या सामन्यात दिसला. सप्टेंबर १९६३, बेलफास्ट, युरोपियन कप ही देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा. वयाच्या ४१ व्या वर्षी तो डिस्टिलरी या स्थानिक क्लबकडून पोर्तुगालच्या, युसेबियोच्या बेनफिकाविरुद्ध उतरला, आणि सामना ३-३ सुटला. लिस्बनच्या परतीच्या लढतीत तो नव्हता. डिस्टिलरी ५-० ने हरली.